वस्तू कुठली ते नंतर, आधी तिची शिवण बघा

प्रश्न असा आला होता: "मध्ययुगात रेशीम, चिनी मातीची भांडी, स्फटिक असल्या महागड्या वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात नेमक्या जायच्या कशा? आणि त्यांनी 'संस्कृती जोडल्या' असं म्युझियमच्या प्रत्येक पाटीवर लिहिलेलं असतं, ते खरंच तसं असतं का वाचायला बरं वाटतं म्हणून लिहितात?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी इतिहासकार नाही. जुनी कापडं सांभाळायचं काम करते, कॉन्झर्वेशन म्हणतात ते, सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे माझी सवय अशी झालीये की वस्तू समोर आली की आधी ती उलटी करून मागची बाजू बघायची, तळ, कड, अस्तर, रफू, कुठे जोड दिलाय ते. समोरची बाजू कारागिराने दाखवायला केलेली असते. मागच्या बाजूला मात्र ज्यांच्या ज्यांच्या हातात ती वस्तू गेली त्या सगळ्यांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं, म्हणून त्याच बाजूने सांगते.

आधी माझ्या कामातलंच घेते. आजच्या कैरोच्या दक्षिण भागात फुस्तात नावाचं जुनं शहर होतं, कैरो वसायच्या आधीची इजिप्तची राजधानी. तिथल्या उकिरड्यांतून आणि आसपासच्या जागांतून छापील सुती कापडाचे ढिगाने तुकडे निघाले, लाल आणि निळे जास्त करून. एकट्या ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये न्यूबेरी संग्रहात असे बाराशेच्या आसपास तुकडे आहेत. बरेचसे तेराव्या ते पंधराव्या शतकातले, कार्बन डेटिंगमध्ये काही त्याच्याही बरेच मागे गेले. आणि हे कापड इजिप्तचं नाही, आपल्या शेजारच्या गुजरातचं आहे.

हे कळतं कशावरून? असा एक तुकडा पहिल्यांदा भिंगाखाली घेतला तेव्हा मला शिकवणाऱ्या बाईंनी नक्षीकडे बघूच दिलं नाही, म्हणाल्या दोरा बघ. तळहाताएवढा तुकडा, निळ्या जमिनीवर पांढरे गोल, एक कड दुमडून शिवलेली. सुताचा धागा उभा धरला की त्याचा पीळ इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारखा तिरका दिसत होता, आपल्याकडे चरख्यावर काढलेलं सूत असंच असतं. इजिप्तमध्ये मात्र परंपरेने लिनन, म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, आणि तो उलट्या बाजूला पिळायचे, एससारखा, कारण जवसाचा तंतू ओला होऊन वाळला की स्वतःहूनच त्या बाजूला वळतो. आता मजा बघा, कापडाचा धागा झेड होता आणि दुमडलेल्या कडेला घातलेली टीप होती एस पिळाच्या लिननची. म्हणजे विणलं, छापलं, रंगवलं गुजरातेत, आणि कापून शिवलं नाईलकाठी, कुणीतरी शिंप्याने नाहीतर घरातल्या बाईने. टाके काही एकसारखे नव्हते, मधे एका ठिकाणी दोरा संपला म्हणून गाठ मारून नवीन घेतलेला होता. दोन देश जोडले जाणं वगैरे जे म्हणतात ना, ते मी तेवढ्या बोटभर शिवणीत बघितलंय, आणि ती शिवण बाई वैतागून घातल्यासारखी होती.

इथे स्वतःची एक चूक पण सांगून टाकते. अगदी सुरुवातीच्या काळात एका जुन्या रेशमी तुकड्यावरचं जाडंभरडं रफू मी उसवून काढलं होतं, मूळ विणीला ताण पडतोय असं वाटलं म्हणून, आणि उसवलेला दोरा कचऱ्यात टाकला. फोटोसुद्धा धड काढला नाही. पुढे लक्षात आलं की तो तुकडा मधली दोनेकशे वर्षं कुठे होता याचा माझ्याकडे असलेला एकुलता एक पुरावा तो दोरा होता. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी उसवलेला प्रत्येक दोरा पाकिटात घालून वर तारीख लिहायला लावते, ती वैतागतात, वैतागू देत.

तर ते गुजरातचं कापड. त्याची मागणी होती मुख्यतः रंगामुळे, धुतलं तरी न जाणारा लाल आणि निळा. सुताला लाल रंग असाच धरत नाही, आधी तुरटीचा हात द्यावा लागतो, जिथे रंग नको तिथे मेण किंवा चिखलासारखा लेप लावून ती जागा झाकायची, मग निळीच्या पिंपात बुडवायचं, आपण ज्याला छीट म्हणतो त्याच घराण्यातलं हे काम. आणि हेच कापड, त्याच धर्तीच्या नक्षीचं, पार दुसऱ्या टोकाला इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर सापडतं. तिथे तोराजा नावाचे डोंगरातले लोक आहेत, त्यांच्या घराघरात अशी कापडं पिढ्यानपिढ्या जपलेली होती, काही चौदाव्या शतकाइतकी जुनी. चिंध्या नाहीत, चार-चार पाच-पाच मीटरची अखंड कापडं. त्यांना ते मावा म्हणतात, पूर्वजांकडून आलेली पवित्र वस्तू, मोठ्या विधींना बाहेर काढायची. मसाल्याच्या बेटांच्या व्यापारात लवंग, जायफळ, जायपत्री घ्यायची तर भारतीय कापड द्यावं लागायचं, त्या ओघात ती तिथवर पोचली.

आता सांगा, ही लक्झरी म्हणायची का? गुजरातेत ठशाचं सुती कापड म्हणजे काही राजाचं वस्त्र नव्हे. इजिप्तमध्येही मध्यमवर्गी घरात अंगरखा शिवायला वापरलं, फाटलं, उकिरड्यावर गेलं. तेच सुलावेसीत देवघरात जाऊन बसलं. म्हणून कुणी 'लक्झरी वस्तू' म्हटलं की मी विचारते, कुठे? चैन ही वस्तूत नसते हो, ती किती लांबून आली आणि तिथे तिला पर्याय काय होता यात असते. आणि एक गोष्ट मला फार भारी वाटते, सुलावेसीला गेलेली कापडं सुरुवातीपासूनच लांबलचक, टोकांना ठरावीक मांडणी करून छापलेली दिसतात, म्हणजे छापणाऱ्याला, निदान त्याच्या व्यापाऱ्याला, तिकडचं गिऱ्हाईक काय मागतं ते पक्कं ठाऊक होतं. समुद्र न ओलांडता.

जायच्या कशा, हा प्रश्नाचा पहिला भाग. टप्प्याटप्प्याने. एकच माणूस गाठोडं घेऊन चीनहून व्हेनिसला चाललाय हे चित्र डोक्यातून काढून टाका. माल हात बदलत जायचा आणि वारा ठरवायचा कधी जायचं. येमेनच्या एडन बंदरातून मलबारला पत्र पाठवलं तर उत्तर यायला मोसम उलटावा लागायचा. ही पत्रं खरोखरची शिल्लक आहेत बरं का. फुस्तातच्या एका ज्यू प्रार्थनामंदिरात देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून सगळे जुने कागद एका खोलीत टाकत गेले, शेकडो वर्षं, आणि नंतर त्यातून लाखो तुकडे बाहेर आले. त्यात अब्राहम बेन यिजू नावाच्या एका व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार आहे. मूळचा ट्युनिशियातला, आणि ११३२ ते ११४९ च्या दरम्यान राहायला मंगळूरला! अशू नावाच्या दासीला त्याने ११३२ मध्ये गुलामीतून मोकळं केलं आणि तिच्याशी संसार केला. तिथे त्याचा पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे मित्र त्याला तांबं आणि मोडकीतोडकी भांडी पाठवायचे आणि सोबत लिहायचे की आम्हाला याचं अमुक एवढ्या वजनाचं तस्त करून धाड, तांब्या असा असा कर. बदल्यात तिकडून साखर, मनुका आणि कागद. कागद! इकडे मंगळुरात लिहायला त्याला चांगला कागद मिळत नव्हता, तो इजिप्तचा यायचा.

हे वाचलं की माझ्यासारखीला हसू येतं, कारण बोहारणीचा आणि मोड घालून नवं भांडं घ्यायचा धंदाच की हा, फक्त मधे अरबी समुद्र. आणि बघा, एडनच्या एखाद्या घरातलं ते तस्त आज म्युझियममध्ये आलं तर पाटीवर काय लिहाल? धातू तिकडचा, हात मंगळूरचा, घाट गिऱ्हाइकाने सांगितलेला, मालक ट्युनिशियन ज्यू. 'भारत, बारावे शतक' एवढ्यावर भागवतात.

कोकणाचं न सांगता पुढे गेले तर तुम्हीच विचाराल. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ म्हणजे ९१६-१७ च्या सुमाराला सैमूरला आला होता, सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे दहा हजाराच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने लिहिलंय, सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि शिवाय इथेच जन्मलेले. त्याच काळातला पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा ताम्रपट त्याहून गमतीचा आहे. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या वेळचा. त्यात संजाणचा अधिकारी आहे मधुमती, हा मधुमती म्हणजे मोहम्मद, ताजिक म्हणजे अरब. राष्ट्रकूटांनी बंदराचा कारभार एका अरबाच्या हातात दिला होता, आणि त्याने काय केलं, तर नदी ओलांडायला फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र काढलं, भात, कालवण आणि तूप. त्याच ताम्रपटात त्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. मोहम्मदचं मधुमती ज्या कुणी केलं त्याला माझा नमस्कार.

पण सगळं असं तूपभात नव्हतं. मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार आहे, जहाजं लुटा, त्यातले घोडे सगळे माझे आणि बाकीचा माल तुमचा. घोडा ही तेव्हाची मर्सिडीज, अरबस्तानातून यायचा. व्यापार, भेट आणि लूट यांच्या मधली रेघ पुसटच होती, आणि युरोपात जे काय पोचलं त्यातलं बरंचसं या तिन्हीतून गेलंय.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण म्हणजे कैरोच्या फातिमी घराण्यातल्या खलिफांचे स्फटिकाचे सुरईजग. एका अखंड स्फटिकातून कोरायचे, आतून पोखरत पोखरत, मुठीसकट एकाच तुकड्यात, भिंती काही ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरच्या. जरा हात चुकला की गेलं वर्षाचं काम. अशा दर्जाचे सुरईजग आज अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात एक आहे, त्यावर खलिफा अल-अझीझचं नाव आहे (राज्य ९७५ ते ९९६). हे खजिन्यातून बाहेर कसे पडले? १०६० च्या दशकात इजिप्तमध्ये दुष्काळ, तिजोरीत खडखडाट आणि तुर्की सैनिकांचा पगार थकलेला. त्यांनी खलिफाचा खजिनाच बाहेर काढला, पगाराच्या नावाखाली वस्तू मिळेल त्या भावाने गेल्या आणि बाजारात आल्या. पुढे चर्चमध्ये त्यांना मोठा मान मिळाला, कारण पारदर्शक, आत संताचं हाड किंवा ख्रिस्ताच्या रक्ताचा थेंब ठेवला की बाहेरून दिसतो. वाइनच्या सुरईचं देव्हाऱ्यातलं पात्र झालं.

आणि मागची बाजू बघा असं मी का म्हणते, ते २००८ मध्ये इंग्लंडात जे झालं त्यावरून कळेल. सॉमरसेटमधल्या एका लिलावात असाच एक जग आला, त्याला एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच, सोन्या-मिन्याची सुंदर बैठक आणि झाकण बसवलेलं होतं. ती बैठक बघून कॅटलॉगमध्ये नोंद झाली फ्रेंच वाइनजग म्हणून, अंदाजे किंमत १०० ते २०० पौंड. खोलीत दोघातिघांनी ओळखलं असणार, कारण बोली गेली २ लाख २० हजारांवर. नंतर तो व्यवहार रद्द झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला तो ३१ लाख पौंडांच्या वर गेला. म्हणजे नंतरच्या माणसाने चढवलेला दागिना वाचता आला नाही की हजार वर्षं दिसेनाशी होतात. तो दागिना खोटा नव्हता, तोही त्या सुरईजगाच्या आयुष्याचाच भाग, फक्त शेवटचं पान.

उलट उदाहरण पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, फ्रान्सची राणी एलिनॉर हिचं स्फटिकपात्र. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी कोरलेलं, इराणकडचं मानतात. त्याच्या बैठकीवर सेंट डेनीच्या मठाचा प्रमुख सुजे याने बाराव्या शतकात लॅटिनमध्ये चक्क हस्तांतराची यादी कोरून ठेवलीये: मिटाडोलसने एलिनॉरच्या आजोबांना दिलं, एलिनॉरने नवऱ्याला म्हणजे राजा लुईला, राजाने मला, मी संतांना. आपल्या सातबाऱ्यावरचे फेरफार असावेत तशी! हा मिटाडोलस म्हणजे सारागोसाचा मुसलमान राजा इमाद अल-दौला असं आता मानतात. एलिनॉरचा आजोबा आणि तो ११२० मध्ये स्पेनमधल्या एका लढाईत एकाच बाजूने लढले होते, पात्र त्याच ओळखीतून आलं असावं. धर्मयुद्धांचा काळ, आणि तिचा आजोबा, ख्रिस्ती ड्यूक, मुसलमान राजाशी दोस्ती करून भेट घेतोय, मग तीच भेट नातीच्या लग्नात जातेय. शाळेतल्या पुस्तकात हे बसत नाही.

डब्लिनमधल्या फॉन्टहिल फुलदाणीचं झालं उलटंच. चीनमधल्या जिंगदेझेनची, चौदाव्या शतकातली पांढरट-निळसर पोर्सेलिनची, युरोपात पोचल्याची नोंद असलेल्या चिनी मातीच्या सगळ्यात जुन्या भांड्यांपैकी. तिला युरोपात चांदीची मूठ, चोच आणि झाकण बसवून सुरई केली होती. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी ते सगळं काढून टाकलं. आता तिचा युरोपातला पूर्वीचा थाट कळतो तो मुख्यतः १७१३ च्या एका चित्रावरून. माझ्या त्या रफूच्या दोऱ्याची मोठी बहीणच ही.

आता कापडाकडे परत येते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला आप्त गावच्या चर्चमध्ये संत अ‍ॅनचा, म्हणजे येशूच्या आजीचा, बुरखा म्हणून शतकानुशतकं पुजलेलं एक वस्त्र आहे. ते इजिप्तमधल्या दमिएत्ताला १०९६-९७ मध्ये विणलंय, त्यावर फातिमी खलिफा अल-मुस्तालीचं आणि त्याच्या वजिराचं नाव अरबीत आहे. दोनच वर्षांनी, १०९९ मध्ये, पहिल्या क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, जेरुसलेम घेतलं ते याच खलिफाच्या माणसांकडून. म्हणजे ज्याच्याशी लढले त्याच्याच नावाचं कापड आणून देव्हाऱ्यात ठेवलं, आणि कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून कुणाचं बिघडलं नाही. दुसरं, लूव्रमधलं सेंट जोसचं रेशीम, पूर्व इराणकडच्या खुरासानचं, समोरासमोर हत्ती आणि काठाला उंटांची रांग. त्यावर सेनापती अबू मन्सूर बुख्तकीनला देव दीर्घायुष्य देवो असं विणलंय. त्याला ९६१ मध्ये त्याच्याच राजाने मारवलं. आणि ते दीर्घायुष्य चिंतणारं कापड उत्तर फ्रान्समध्ये एका संताची हाडं गुंडाळायला वापरलं.

म्हणून 'संस्कृती जोडल्या' या वाक्यावर माझं मत विचाराल तर निम्मं खरं. आप्तच्या चर्चमध्ये कुणी कुणाशी जोडलं गेलं नाही, तिथे फक्त एक सुंदर, महाग, न वाचता येणारं कापड पोचलं आणि लोकांनी आपल्याला हवा तो अर्थ लावला. इटलीतल्या चित्रकारांनी तर मेरीच्या प्रभावळीत आणि पदराच्या काठाला अरबीसारखी दिसणारी खोटीच अक्षरं काढली, आपण चिनी अक्षरांचे टी-शर्ट घालतो तशी. जोडलं गेलं ते मंगळूरच्या कारखान्यात, संजाणच्या अन्नछत्रात, गुजरातच्या त्या ठसेवाल्याच्या डोक्यात, जिथे माणसाला समोरच्याचं माप, आवड, उधारी आणि सणवार ठाऊक असणं भाग होतं, नाहीतर धंदा बुडाला असता. राजवाड्यातल्या वस्तू काचेत चमकतात, पण खरा संबंध बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा स्वस्त मालात असतो. माझे काही सहकारी हे मानत नाहीत, त्यांचं म्हणणं की न समजता आवडणं हाही संबंधच आहे. असेल. मला तो एकतर्फी वाटतो.

पुढच्या वेळी कुठल्याही म्युझियममध्ये गेलात तर पाटी वाचायच्या आधी वाकून बघा. भांड्याखाली कधीकधी आरसा ठेवलेला असतो, तो तळ दिसावा म्हणूनच असतो, आपण त्यात केस नीट करतो. कापड असेल तर मधली नक्षी सोडून कडेला जा, दुमड कुठे आहे, शिवणीचा दोरा कापडाच्याच रंगाचा आहे का, ठिगळ आहे का, आणि असेल तर ठिगळाचं कापड वेगळ्या विणीचं आहे का. खालच्या कपाटातला मळका, अर्धवट तुकडा असेल तर तिथे जरा जास्त वेळ थांबा, आणि रक्षक तुमच्याकडे संशयाने बघायला लागला तर सरळ सांगा की शिवण बघतोय.